सागादाचे दोन कारभार

उत्तर फिलिपिन्समधल्या फिदेलिसान गावाखाली बोमोद-ओक नावाचा मोठा धबधबा आहे. तो पाहायला लोक मनिलाहून रात्रभर बसने येतात, सागादाच्या पालिका कार्यालयात नाव नोंदवतात, पर्यावरण शुल्क भरतात, पावती खिशात घालतात आणि वाटाड्याबरोबर भातखाचरांच्या बांधांवरून उतरायला लागतात. वर्षातले काही दिवस मात्र वाटाड्याच यायला तयार होत नाही. गावात ओबाया असतो. आपल्याकडे आषाढात गावे वार पाळतात, तसाच हा प्रकार: शेतात कुणी पाऊल टाकायचे नाही आणि बाहेरच्याने गावात शिरायचे नाही. अशा वेळी वाटेवर पुदोंग लावायची जुनी रीत आहे. रुनो नावाच्या बोरूसारख्या गवताची एक लांब काडी घ्यायची, शेंड्याच्या पानाला पीळ देऊन गाठ मारायची आणि ती वाटेच्या कडेला रोवायची. पहारेकरी नको, साखळी नको, दंडाची पाटी नको. पावती नगराध्यक्षांच्या कार्यालयाची असते, गाठ गावातल्या म्हाताऱ्यांची. त्या दिवशी गाठीपुढे पावतीचे काही चालत नाही.

सागादा हे लुझोन बेटाच्या कॉर्दिलेरा पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंचीवर वसलेले आहे. प्रांताचे नावच माउंटन प्रॉव्हिन्स. प्रांताची राजधानी बोन्तोक इथून तासाभराच्या वाटेवर आहे. बागियो हे डोंगरातले मोठे शहर सुमारे दीडशे किलोमीटरवर असले, तरी हाल्सेमा महामार्गाच्या वळणांवरून तिथवर जायला पाच-सहा तास मोडतात. हा रस्ता वाटेत आतोकजवळ 2,200 मीटरहून अधिक उंची गाठतो. सागादाचे क्षेत्र 83 चौरस किलोमीटर, 2020च्या जनगणनेत लोकसंख्या 11,000 हून थोडी अधिक. कॉर्दिलेरातल्या डोंगरी जमातींना मिळून इगोरोत म्हणतात. त्यांपैकी उत्तरेकडचे कांकानाय लोक इथले मूळ रहिवासी, आणि ते स्वतःला आप्लाय म्हणवतात. पाइनची झाडी, चुनखडीचे सुळके, जमिनीखाली पसरलेल्या गुहा आणि दगडी बांधांची भातखाचरे असा हा मुलूख. ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीतली प्रसिद्ध भातखाचरे शेजारच्या इफुगाव प्रांतातली, सागादाची त्यात नाहीत. ती नसल्याचे दुःख कुणी करत बसलेले नाही.

‘म्युनिसिपॅलिटी’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गटारे, नळपट्टी आणि बाजारपेठेचे गाव येते. फिलिपिन्सची म्युनिसिपॅलिटी निराळी. तीत गावठाण, रान, शेती, डोंगर सगळे येते, आणि तिचे छोटे घटक म्हणजे बारांगाय. सागादात 19 बारांगाय आहेत. दागदाग, देमांग आणि पाताय ही मधली गजबजलेली वस्ती. बाकीचे दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले. 1991च्या स्थानिक शासन संहितेने सगळ्या देशाला एकच साचा लावून दिला. नगराध्यक्ष आणि उपनगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतात, आठ सदस्यांची सांगुनियांग बायान म्हणजे पालिकेची सभा असते आणि उपनगराध्यक्ष तिचे अध्यक्षस्थान सांभाळतो. मुदत तीन वर्षांची, आणि लागोपाठ तीन मुदतींनंतर सक्तीची विश्रांती. बारांगायात एक प्रमुख आणि सात सदस्य. आरोग्य केंद्र, शेतीचा सल्ला, समाजकल्याण ही मनिलातल्या खात्यांची कामे याच संहितेने पालिकेच्या गळ्यात घातली. कागदावर पाहिले तर सागादाचा कारभार आणि मनिलाशेजारच्या एखाद्या औद्योगिक नगराचा कारभार यांत काडीचाही फरक नाही.

प्रत्यक्षात इथे आणखी एक कारभार आहे, आणि तो संहितेहून खूप जुना आहे. त्याचे नाव दाप-आय.

दाप-आय ही जागाही आहे आणि सभाही. सपाट दगडांनी फरसबंद केलेले एक अंगण, मधोमध शेकोटीची जागा, कडेने उभे-आडवे दगड, आणि बाजूला बुटकी, जाड छपराची झोपडी. कडेचे दगड पाठ टेकून बसण्यासाठी असतात, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या पाठींनी ते गुळगुळीत झालेले असतात. झोपडीत पूर्वी गावातले मुलगे आणि म्हातारे पुरुष रात्री झोपत. दिवसा पोर शेतात राबे आणि रात्री शेकोटीभोवती बसून कोणाची जमीन कुठवर, कोणत्या ओढ्याचे पाणी कोणाला आधी, कुणाच्या आज्याने काय शब्द दिला होता, हे ऐके. प्रत्येक दाप-आयला स्वतःचे नाव असते आणि त्याला जोडलेली घरे ठरलेली असतात. आता अनेक ठिकाणी दगडांच्या फटींत सिमेंट भरलेले दिसते, छपरावर पत्रा आलेला असतो. बसायची पद्धत मात्र तीच.

इथले वडीलधारे निवडून आलेले नसतात, नेमलेलेही नसतात. वय, वागणूक, विधींची जाण आणि बोलण्याला असलेले वजन यांतून माणूस हळूहळू तिथे पोचतो. पेरणी कधी, लावणी कधी, कापणी कधी, हे ते ठरवतात. बेग्नास नावाचा सामुदायिक विधी शेतीच्या वर्षात ठरावीक टप्प्यांवर येतो. त्या वेळी डुकराचा बळी दिला जातो, गांगसा म्हणजे सपाट घंटा वाजतात, स्त्री-पुरुष वर्तुळात नाचतात आणि वडीलधारे पातपातायान या पवित्र झाडाकडे जातात. तिथे शकुन पाहिला जातो. शकुन बरा नसला, तर काम थांबते. विधीच्या दिवसांत आणि पुढे काही काळ ओबाया पाळला जातो. भाताचे पीक वर्षातून एकदाच येते आणि एका खाचराचे पाणी खालच्या खाचरात उतरते, म्हणून लावणी सगळ्यांनी एका लयीत केली नाही तर पाणी, किडे आणि मजूर या तिन्हींचा घोळ होतो. दाप-आयचे वेळापत्रक धार्मिक असले, तरी ते पाटबंधारे खात्याचेही काम करते. शेतावर मजूर लागले की उब्-उब्बोची पाळी लागते: आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, आणि पैशाची देवघेव नाही.

हे सगळे वाचून गावगाड्याबद्दल गोड कल्पना करून घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. दाप-आय हे पुरुषांचे ठिकाण आहे. मुलींची झोपण्याची घरे वेगळी होती, आणि निर्णयाच्या वर्तुळात बायका बसत नसत. मतपेटीने नेमकी ही कोंडी फोडली. पालिकेच्या सभेत आणि बारांगायच्या मंडळांत स्त्रिया निवडून येतात. म्हाताऱ्यांच्या शब्दाला गावात कितीही मान असो, अंदाजपत्रकावर हात वर करण्याचा अधिकार त्यांना नाही. दोन कारभारांपैकी एकाकडे पैसा आहे आणि दुसऱ्याकडे वजन. गावाचे काम पुढे जायला दोन्ही लागतात.

कायद्यानेही या दुसऱ्या कारभाराला थोडी जागा करून दिली आहे. फिलिपिन्समध्ये किरकोळ भांडण थेट कोर्टात नेता येत नाही. आधी बारांगायच्या सलोखा समितीपुढे जावे लागते. एक वर्षापर्यंतची कैद किंवा 5,000 पेसोपर्यंतचा दंड होऊ शकेल अशी प्रकरणे या वाटेने जातात. आदिवासी समाजातल्या दोघांत वाद असेल, तर त्यांच्या रूढीप्रमाणेच तो मिटवावा असे 1991ची संहिता स्पष्ट सांगते. त्यामुळे शेताच्या बांधाचा वाद बारांगायच्या नोंदवहीत चढतो, पण तो सुटतो दाप-आयच्या दगडांवर. ज्याच्याकडे चूक निघते, त्याने कोंबडी किंवा डुक्कर द्यायचे, ते सगळ्यांनी मिळून खायचे, की वाद संपला. कागदावर सही नंतर होते.

1997 साली आदिवासी हक्क कायदा आला. वडिलोपार्जित भूमीवर समाजाचा हक्क, खाण किंवा धरण आणण्याआधी त्या समाजाची पूर्वसंमती, आणि स्थानिक सभांमध्ये आदिवासींचा सक्तीचा प्रतिनिधी, अशा त्यातल्या ठळक तरतुदी. कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि 2000 साली न्यायमूर्तींची मते 7 विरुद्ध 7 अशी पडली. बहुमत नसल्याने याचिका फेटाळली गेली आणि कायदा तगला. ज्या कायद्यावर देशभरच्या आदिवासींची भिस्त आहे, तो असा बरोबरीच्या मतांवर उभा आहे. त्या कायद्याने आलेला प्रतिनिधी पालिकेच्या सभेत इतर सदस्यांच्या बरोबरीने बसतो, पण तो मतदानाने येत नाही. समाजाने आपल्या रीतीने निवडायचा असतो. सपाटीवरच्या नगरांत हा प्रतिनिधी अल्पसंख्याकांचा आवाज असतो. जिथे नगराध्यक्षापासून शिपायापर्यंत बहुतेक सगळे इगोरोतच आहेत, तिथे त्याचे काम काय? सागादासारख्या ठिकाणी तो दाप-आयचा माणूस म्हणून सभेत बसतो, एवढाच त्याचा सरळ अर्थ.

हा दुहेरी कारभार टिकला याला इतिहासही कारण आहे. स्पॅनिश सत्तेने फिलिपिन्सवर तीनशेहून अधिक वर्षे राज्य केले, पण कॉर्दिलेरा तिला कधी नीट हाती लागला नाही. लष्करी ठाणी बसली आणि उठली; सोन्याच्या आशेने आलेल्या मोहिमा परतल्या. अमेरिकन आले ते शाळा, रस्ते आणि मिशनरी घेऊन. 1904 साली, म्हणजे ज्या वर्षी सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात इगोरोत माणसांना कुंपणात बसवून अमेरिकनांना दाखवले जात होते त्याच वर्षी, जॉन स्टाँटन हा एपिस्कोपल पाद्री सागादात मिशन उभारायला आला. लाकूड कापण्याची गिरणी, दगडाची खाण, चुन्याची भट्टी असा त्याचा पसारा होता. त्यातून सेंट मेरी चर्च आणि शाळा उभी राहिली. कॅथलिक देशात सागादा आजही प्रामुख्याने अँग्लिकन आहे, आणि शाळा लवकर आल्याने इथून शिक्षक, परिचारिका, वकील बाहेर पडले.

धर्म बदलला तरी जुने विधी गेले नाहीत. 1 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, संध्याकाळी चर्चमागच्या टेकडीवरच्या दफनभूमीत मेणबत्त्यांऐवजी सालेंग पेटवतात. सालेंग म्हणजे पाइनचे राळभरले लाकूड. पाद्री आशीर्वाद देऊन जातो आणि प्रत्येक थडग्यापुढे छोटी शेकोटी पेटते. राळेच्या काळ्या धुराने टेकडी भरून जाते, डोळे चुरचुरतात, पोरे खोकतात, म्हाताऱ्या बायका निवांत काड्या पुढे सरकवत बसतात. याला पानाग-आपोय म्हणतात.

याच दफनभूमीत विल्यम हेन्री स्कॉट या अमेरिकन इतिहासकाराचे थडगे आहे. 1954 पासून तो सागादात राहिला, मिशनच्या शाळेत शिकवले, आणि इगोरोतांचा इतिहास स्पॅनिश कागदपत्रांतून पुन्हा लिहून काढला. इगोरोत आणि सपाटीवरचे लोक मुळात वेगळे नव्हते, एक पराभूत झाला आणि दुसरा झाला नाही, असा त्याचा युक्तिवाद मनिलातल्या अनेकांना झोंबला. 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या राजवटीने त्याला विध्वंसक म्हणून पकडले. पुढच्या वर्षी तो निर्दोष सुटला. 1909 साली सागादात जन्मलेला एदुआर्दो मास्फेरे हा इगोरोतांची नोंद ठेवणारा दुसरा. स्पॅनिश सैनिक बाप आणि कांकानाय आई यांचा हा मुलगा स्वतःच कॅमेरा शिकला आणि त्याने कॉर्दिलेरातल्या माणसांची छायाचित्रे काढली. परदेशी फोटोग्राफर त्यांना नमुने म्हणून उभे करत. मास्फेरेपुढे ते शेजारी म्हणून बसलेले दिसतात.

प्रशासनाच्या नकाशावर सागादाची नोंद उशिरा पक्की झाली. 1908 साली अमेरिकनांनी डोंगरी मुलुखाचा एक भला मोठा माउंटन प्रॉव्हिन्स केला. सागादा त्यात दीर्घकाळ ‘म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट’ होते, म्हणजे अपुरे नगर. 1963 साली त्याला पूर्ण दर्जा मिळाला. 1966 मध्ये जुना प्रांत चार तुकड्यांत विभागला गेला आणि मधल्या तुकड्याने जुने नाव ठेवून घेतले.

जमिनीचा प्रश्न मात्र कोणत्याही फेररचनेने सुटला नाही. इबालोय जमातीचा मातेओ कारिन्यो आपल्या बागियोजवळच्या जमिनीसाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि 1909 साली जिंकला. स्मरणापलीकडच्या काळापासून खाजगी म्हणून कसलेली जमीन सरकारी कधी नव्हतीच, असे न्यायमूर्ती होम्सनी धरले. एवढा निकाल हाताशी असताना 1975च्या वनसंहितेने 18 टक्के किंवा अधिक उताराची जमीन सरसकट वनजमीन ठरवली. सपाट कागदावर ओढलेली ही रेघ कॉर्दिलेरात लागू केली, तर घर, शेत, शाळा, चर्च, पालिकेचे कार्यालय सगळेच जंगलात जाते. इथल्या बहुतेकांकडे मालकीहक्काचा कागद नसतो, करभरणीची नोंद असते. तेवढ्यावर बँक कर्ज देताना कुरकुरते. उलट पाइनचे रान राखले गेले ते सरकारी नियमाने कमी आणि बातांगानच्या रीतीने जास्त. बातांगान म्हणजे कुळाचे राखीव रान. घर बांधायला लाकूड हवे असेल तर कुळातल्या माणसाने मागायचे, वडीलधाऱ्यांनी झाड दाखवायचे, आणि विकण्यासाठी कुऱ्हाड लावायची नाही. पालिकेला रस्ता रुंद करायचा असो की पाण्याची टाकी बांधायची असो, पहिली बैठक भूसंपादन अधिकाऱ्याशी होत नाही. ती कुळाच्या म्हाताऱ्यांशी होते.

आता पैशाकडे वळावे, कारण इथेच डोंगरी पालिकेची खरी अडचण आहे. संहितेप्रमाणे राष्ट्रीय करांतला 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांना जातो. त्या वाट्यातले 23 टक्के प्रांतांना, 23 टक्के शहरांना, 34 टक्के नगरांना आणि 20 टक्के बारांगायांना. पुढे नगरानगरांत वाटणी करताना लोकसंख्येला 50 टक्के वजन, क्षेत्रफळाला 25, आणि उरलेले 25 टक्के सगळ्यांना समान. उतार, दरडी, दूरच्या वाड्या, डोक्यावरून वाहून न्यावे लागणारे सिमेंट, यांना सूत्रात जागा नाही. अकरा हजारांच्या नगराच्या वाट्याला मग जे येते, त्यातला मोठा भाग पगारांत जातो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने बातांगास प्रांताचे गव्हर्नर मांदानास यांच्या याचिकेवर निकाल दिला, की 40 टक्क्यांचा हिशोब सीमाशुल्कासह सर्व राष्ट्रीय करांवर झाला पाहिजे. 2022 पासून वाटा फुगला. त्याबरोबर आणखी कामेही खाली ढकलली गेली, हे सांगायला नकोच.

स्वतःच्या उत्पन्नात सागादाला हात देतात ते पर्यटक. सुळक्यांवर टांगलेल्या शवपेट्या, लुमियांगची दफनगुहा आणि सुमागिंगची प्रचंड गुहा बघायला परदेशी प्रवासी सत्तर-ऐंशीच्या दशकांपासूनच येत होते. 2014 साली आलेल्या ‘दॅट थिंग कॉल्ड ताधाना’ या चित्रपटात विरहाने पोळलेली नायिका सागादाच्या शिखरावर उगवत्या सूर्यापुढे ओरडते. तेव्हापासून देशी तरुणांचे लोंढे सुरू झाले. सुट्टीत इथल्या अरुंद रस्त्यावर व्हॅनची रांग लागते, खाणावळी भरून वाहतात आणि नळ कोरडे पडतात. चुनखडीच्या भूमीत पाणी जमिनीवर थांबत नाही, खाली गुहांत उतरते. झरे ठरावीक, आणि त्यांवर गावांचे जुने हक्क. पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी कोणाच्या खाचरातून वळवायचे, हा प्रश्न पर्यटन विभागाच्या पत्रकात येत नाही. दाप-आयमध्ये मात्र तो नेमका येतो.

पालिकेने यावर जी व्यवस्था बसवली, ती दोन्ही कारभारांच्या सरमिसळीची आहे. नोंदणी आणि शुल्क सक्तीचे. गुहा, शवपेट्या, धबधबा इथे वाटाड्याशिवाय जाता येत नाही. वाटाडे स्थानिकच हवेत. त्यांच्या संघटना आहेत, दर ठरलेले आहेत आणि पाळी रांगेने येते, म्हणजे गोडबोल्यालाच सगळी गिऱ्हाइके असे होत नाही. सुमागिंगमध्ये उतरताना वाटाड्याच्या हातात रॉकेलचा कंदील असतो. ओल्या चुनखडीवर पर्यटकाने चप्पल काढून अनवाणी चालायचे असते आणि जिथे पायाला आधार नसतो, तिथे वाटाडा स्वतःची मांडी पुढे करतो. शवपेट्यांजवळ आवाज करायचा नाही, हाडांना हात लावायचा नाही, हे तो निघतानाच बजावतो. यातला नियम पालिकेचा किती आणि त्याच्या आजोबांचा किती, ते त्यालाही सांगता येणार नाही. रात्री नऊ-दहाला खाणावळी बंद होतात, रस्ता रिकामा होतो. मनिलाहून मजा करायला आलेल्यांना हे खटकते, पण ते पाळतात.

सागादाने सरकारला आणि बंडखोरांनाही अडवून दाखवल्याचे उदाहरण आहे. मार्कोसच्या काळात चिको नदीवर धरणे बांधायचा घाट घातला गेला. त्याविरुद्ध बोन्तोक आणि कालिंगा एकवटले. बुगनाय गावचा पुढारी माक्लि-इंग दुलाग याला 24 एप्रिल 1980 रोजी सैनिकांनी ठार केले, आणि त्यानंतर धरणे बासनात गेली. या संघर्षात डोंगर सैन्य आणि कम्युनिस्ट गनिमांच्या कात्रीत सापडले. चकमकींत सागादाची साधी माणसे, त्यांत मुलेही, बळी पडू लागली. 1988च्या अखेरीस गावाने जाहीर केले: सागादा शांतताक्षेत्र आहे, सैन्यानेही छावणी उठवावी, गनिमांनीही बंदूक घेऊन येऊ नये. निवडून आलेले पदाधिकारी, वडीलधारे आणि चर्च एका बाजूला उभे राहिले. दोन सशस्त्र पक्षांना एकाच वेळी ‘बाहेर’ म्हणणे ही साधी हिंमत नव्हे. पण वाटेवर गाठ बांधून परक्याला थांबवायची सवय या गावाला होतीच.

कॉर्दिलेराच्या स्वायत्ततेचे गाडे मात्र अडलेलेच राहिले. कोन्रादो बाल्वेग या बंदूक हाती घेतलेल्या पाद्र्याशी राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांनी 13 सप्टेंबर 1986 रोजी माउंट दाता इथे समझोता केला. पुढच्या वर्षी कॉर्दिलेरा प्रशासकीय प्रदेश तयार झाला. खऱ्या स्वायत्ततेसाठी 1990 साली मतदान झाले, तेव्हा फक्त इफुगावने होकार दिला, आणि एका प्रांताचा प्रदेश होत नाही असे न्यायालयाने सांगितले. 1998 मध्ये फक्त आपायावने होकार दिला. नवा प्रादेशिक कारभार म्हणजे बागियोत बसणारे आणखी काही साहेब, अशी शंका लोकांना होती. ज्यांच्या गावात आधीच दोन कारभार होते, त्यांना तिसरा नको वाटला तर नवल नाही.

2020च्या मार्चमध्ये कोविडची टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा माउंटन प्रॉव्हिन्समधल्या अनेक गावांत वडीलधाऱ्यांनी ओबाया पुकारला. घरी थांबा, गावात कुणी येऊ नका, कुणी जाऊ नका. हे सरकारी परिपत्रकाने समजावायला जेवढे दिवस लागले असते, तेवढे लागले नाहीत, कारण आज्ञा ओळखीची होती. अडचण पुढे आली. ओबाया एक-दोन दिवसांचा असतो आणि टाळेबंदी महिनोन् महिने चालली. पर्यटक बंद झाल्यावर वाटाडे आणि खाणावळवाले कोसळले. खाचरे ज्यांच्याकडे होती ते तगले, आणि बागियोहून परतलेल्या बऱ्याच तरुणांनी त्या वर्षी पुन्हा चिखलात पाय घातला.

तरुणांचा प्रश्न पालिकेच्या आकडेवारीतही दिसतो. प्रत्येक बारांगायात प्रमुख आणि सात सदस्य अशा आठ जागा. शिवाय कायद्याने युवा मंडळाच्या आठ. 19 बारांगायांच्या मिळून 304 जागा, त्यात नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि सभेचे आठ सदस्य धरले की 314. अकरा हजारांच्या गावाला एवढे निवडून आलेले पुढारी लागतात. युवा मंडळाला बारांगायच्या अंदाजपत्रकातला 10 टक्के हिस्सा मिळतो आणि पदावर 18 ते 24 वयाचीच मुले चालतात. घराणेशाहीला आळा म्हणून 2016च्या कायद्याने अट घातली, की उमेदवाराचे आईवडील, आजी-आजोबा किंवा भावंड त्या भागात निवडून आलेले नसावे. शहरात ही अट रास्तच आहे. सरासरी सहाशे माणसांच्या बारांगायात, जिथे शिकलेली मुले कॉलेजसाठी बागियोत आणि मोठी भावंडे नोकरीसाठी हाँगकाँगमध्ये असतात, तिथे उरलेल्यांपैकी कुणाचा बाप सदस्य निघतो, तर कुणाची आजी प्रमुख. निवडणुकीआधी मग अर्ज भरायला मुले शोधत फिरावे लागते. आणि हे शोधकाम बऱ्याचदा दाप-आयच्या शेकोटीभोवती होते, जिथे कोण कोणाचा कोण लागतो हे निवडणूक अधिकाऱ्यापेक्षा म्हाताऱ्यांना जास्त नेमके ठाऊक असते.